गोल्फच्या खुल्या अजिंक्यपदाचा आरंभ : पट्टा, सुरई व मधलें रिकामें वर्ष

कोरीव लेख हा समकालीन पुरावा होय अशी आपणां संशोधकांची सामान्य समजूत असते, व बहुतांशीं ती खरीही ठरते. तथापि लेख ज्या वस्तूवर आहे ती वस्तु केव्हां घडली, आणि लेखांतील साल कशाचें, हे दोन प्रश्न वेगळे आहेत याचा विसर पडला म्हणजे घोटाळा होतो. शाह आलमच्या नांवें पाडलेल्या कंपनी सरकारच्या रुपयांवर ‘१९ सन’ वर्षानुवर्षें गोठून राहिला, हें नाण्यांच्या संग्राहकांस ठाऊकच आहे. त्याच जातीचें एक उदाहरण स्कॉटलंडांतील गोल्फ खेळाच्या इतिहासांत आढळतें. विषय आपल्या नित्याच्या वाटेवरचा नसला तरी पुराव्याची परीक्षा करण्याच्या दृष्टीनें तो बोधक वाटल्यावरून येथें मांडीत आहें.

सेंट अँड्र्यूज येथील रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबाच्या वास्तूंत चांदीची एक सुरई ठेवलेली आहे. क्लॅरेट नांवाचें तांबडें फ्रेंच मद्य वाढण्यासाठीं वापरतात तशा घाटाची ती असल्यामुळें तिला ‘क्लॅरेट जग’ म्हणण्याचा प्रघात पडला. तिचें विधियुक्त नांव मात्र ‘गोल्फ चँपियन ट्रॉफी’ असें आहे. तिजवर विजेत्यांचीं नांवें कोरलेलीं असून पहिलें नांव धाकट्या टॉम मॉरिसचें व साल १८७२ चें आहे. एवढाच पुरावा हातीं घेऊन कोणी लिहावयास बसल्यास तो साहजिकच असें लिहील कीं, ही स्पर्धा १८७२ सालीं सुरू झाली व त्या सालीं मॉरिस यास ही सुरई मिळाली. हीं दोन्ही विधानें चुकीचीं आहेत.

स्पर्धेचा आरंभ त्यापूर्वी बारा वर्षें, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रेस्टविक या गांवीं झाला. तेथील क्लब १८५१ सालचा. त्याचें बारा खळग्यांचें मैदान थोरल्या टॉम मॉरिसनें आंखून दिलेलें होतें. १८५९ सालीं सेंट अँड्र्यूजचा अ‍ॅलन रॉबर्टसन वारला. त्याच्या हयातींत त्यालाच सर्वश्रेष्ठ खेळाडू मानीत. त्याच्या पश्चात् तो मान कोणाचा हा प्रश्न उघडा पडला. प्रेस्टविकचे एक धुरीण जेम्स ओगिल्व्ही फेअर्ली यांनीं इतर क्लबांस पत्रें धाडून आपापले धंदेवाईक खेळाडू पाठविण्यास सुचविलें. १७ ऑक्टोबर १८६० रोजीं आठ खेळाडू जमले, आणि बारा खळग्यांच्या तीन फेऱ्या एकाच दिवसांत खेळून मसलबरा येथील विली पार्क हा १७४ फटक्यांत पहिला आला. थोरल्या मॉरिसला १७६ फटके लागले.

पारितोषिक म्हणून जो पट्टा ठेवला होता तो तांबड्या मोरोक्को चामड्याचा, चांदीच्या जडावाचा असून प्रेस्टविकच्या सभासदांनीं पंचवीस पौंड खर्चून तो घेतला होता. पट्टाच कां, पेला कां नव्हे, असा प्रश्न कोणाच्याही मनांत येईल. या क्लबाचा पहिला कप्तान अर्ल ऑफ एग्लिंटन हा होता, व यानेंच १८३९ सालीं मध्ययुगीन सरदारांच्या भालायुद्धांचा मोठ्या थाटाचा देखावा आपल्या जहागिरींत करविला होता. त्याच हौसेची छाया या पट्ट्यावर पडली असावी असा आमचा तर्क आहे. पट्टा विजेत्याच्या स्वाधीन करण्यापूर्वी पुढील स्पर्धेच्या वेळीं तो परत सभेपुढें ठेवण्याविषयीं समितीची खात्री पटेल असा जामीन त्यास द्यावा लागे. लागोपाठ तीन वर्षें जिंकणाराचा मात्र तो कायमचा होई. या अटीचें महत्त्व पुढें दिसून येईल.

येथें नांवाचाही खुलासा केला पाहिजे. १८६० ची स्पर्धा ‘खुली’ नव्हती. ती केवळ धंदेवाईकांपुरती होती. हौशी सभ्य गृहस्थांसह सर्व जगास ती मोकळी असल्याचें १८६१ सालीं ठरलें. तेव्हां ‘ओपन’ हें नांव १८६० ला लावणें म्हणजे काटेकोरपणें पाहतां मागाहून दिलेली पदवी होय. आमच्या मतें स्पर्धेची जन्मतिथि १८६० चीच धरावी, कारण पट्टा तोच, मैदान तेंच व नियमांची परंपराही अखंड आहे. परंतु नांवाची तिथि १८६१ ची समजावी.

पुढील सात वर्षांविषयीं फार लिहावयास नको. पार्क, थोरला मॉरिस व एकदां (१८६५) अँड्र्यू स्ट्रॅथ यांजमध्येंच पट्टा फिरत राहिला. कागदपत्रांच्या दृष्टीनें इतकेंच नमूद करण्याजोगें कीं, फटके टिपण्याचीं अधिकृत पत्रकें १८६५ पासून सुरू झालीं. १८६७ सालीं सेहेचाळीस वर्षांच्या थोरल्या मॉरिसनें शेवटचा विजय मिळविला व पुढच्याच वर्षीं सतरा वर्षांच्या त्याच्या मुलानें पट्टा घेतला. १८६९ व १८७० सालींही तोच जिंकला. १८७० सालीं त्यानें छत्तीस खळगे १४९ फटक्यांत पुरे करून बारा फटक्यांचें अंतर राखलें. त्या दिवशींचा पहिला खळगा ५७८ यार्डांचा असून तो यानें तीन फटक्यांत साधला, तेंही त्या काळच्या गटापर्चाच्या चेंडूनें!

अटीप्रमाणें पट्टा मॉरिसच्या घरीं गेला, आणि स्पर्धेला पारितोषिकच उरलें नाहीं. एप्रिल १८७१ मध्यें प्रेस्टविकच्या सभेपुढें गिल्बर्ट मिचेल इन्स यांनीं असा ठराव मांडला कीं, इतर क्लब मिळून अनेक मैदानांवर खेळण्यासाठीं पट्टा घेण्याचा संभव असतां केवळ प्रेस्टविकसाठीं आपण एकट्यानें दुसरा पट्टा घेणें युक्त नव्हे. तत्त्वतः तो मान्य झाला, निर्णय मात्र वेळेवर झाला नाहीं, व १८७१ सालीं स्पर्धा भरलीच नाहीं. या रिकाम्या वर्षाची कसलीही खूण ना पट्ट्यावर ना सुरईवर. ती सभेच्या वृत्तांतांतच शोधावी लागते.

११ सप्टेंबर १८७२ रोजीं प्रेस्टविक, सेंट अँड्र्यूजचा क्लब व एडिंबरोच्या गोल्फ खेळाडूंची ऑनरेबल कंपनी या तिघांत समेट ठरला. स्पर्धा आळीपाळीनें तिघांच्या मैदानांवर भरवावी व प्रत्येकानें दहा पौंड देऊन तीस पौंडांची सुरई करवावी, असे त्याचे मुद्दे होते. स्पर्धा अवघ्या दोन दिवसांनीं, १३ तारखेस होती. इतक्या अवधींत सुरई कोठून घडणार? चौथ्यांदा विजयी झालेल्या धाकट्या मॉरिसच्या हातीं एक पदक पडलें. सुरई एडिंबरोच्या मॅके कनिंगहॅम आणि कंपनी या पेढीनें घडविली. तिजवरील चांदीच्या कसाचा छाप १८७३ चा आहे, आणि विजेता म्हणून ती प्रथम हातीं घेणारा १८७३ चा टॉम किड होय. मॉरिसचें नांव पूर्वीच्या सालासह तिजवर कोरलें गेलें. त्यानंतर तो पुन्हा जिंकला नाहीं, व २५ डिसेंबर १८७५ रोजीं वयाच्या चोविसाव्या वर्षीं वारला. सुरईवर ज्याचें नांव सर्वांच्या आधीं आहे त्याला विजयाचें चिन्ह म्हणून ती कधींच मिळाली नाहीं.

कसाचा छाप आणि कोरलेलें पहिलें साल यांतील हें एका वर्षाचें अंतर वस्तु हातीं घेऊन पाहणारास लगेच कळेल; नुसती नांवांची यादी उतरून घेणारास कळणार नाहीं. ताम्रपटाच्या वाचनाबरोबर त्याचें वजन, कडी व मुद्रा नोंदविण्याचा आग्रह आपण धरतों तो याचसाठीं.

पट्टा १९०८ सालीं थोरल्या मॉरिसच्या नातवंडांनीं सेंट अँड्र्यूजच्या क्लबास अर्पण केला. सुरईबाबत त्याच क्लबाच्या समितीनें १९२७ सालीं असें ठरविलें कीं, मूळ वस्तु यापुढें बाहेर देऊं नये, विजेत्यास नक्कल द्यावी. ती नक्कल प्रथम १९२८ सालीं वॉल्टर हेगन यास मिळाली. १९२२ व १९२४ सालीं याच गृहस्थास अस्सल सुरई मिळालेली होती.