अधिकचं उणे केलं तर?

वणी-दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांना फवारणी काही नवी नाही. ऑर्गनोफॉस्फेट हा कीटकनाशकांचा जुना गट किडीच्या नसांमधलं एक एन्झाइम बंद पाडतो. तेच एन्झाइम माणसातही असतं! १९५० च्या दशकात अशाच कीटकनाशकांच्या संशोधनातून व्हीएक्स हे युद्धातलं विष निघालं.

२०२२ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग जाहीर केला. औषधं शोधणारा त्यांचा एआय प्रोग्राम विषारी रेणूंचे मार्क कापायचा. त्यांनी ते उलट वाढवायला लावले. सहा तासांच्या आत ४०,००० रेणूंची यादी तयार, व्हीएक्ससुद्धा त्यात! प्रत्यक्षात बनवलं मात्र काहीच नाही.

यादीतून बाटलीत यायला रसायन, लॅब आणि माणूस लागतो. म्हणून कुलूप प्रोग्रामलाही हवं आणि रसायनांच्या विक्रीलाही. मित्रांनो, प्रोजेक्टच्या व्हायवात अ‍ॅक्युरसी विचारतात. ‘उलटं चालवलं तर?’ हेही विचारायला हवं.