जळाल्यावर कळतो धागा

येवल्यातल्या एका विणकराचं घर. मागाशेजारी सतरंजीवर पाच-सहा पैठण्या उलगडून ठेवल्या आहेत. समोर मायलेकी बसल्या आहेत. लेकीचं लग्न ठरलंय. आई पिशवीतून एक मोरपंखी साडी काढते, दुसरीकडून घेतलेली.

"भाऊ, हीसुद्धा प्युअर सिल्क म्हणूनच दिली. मग तुमच्या भावात एवढा फरक का?"

विणकर वाद घालत नाहीत. पदर बोटांत चोळून बघतात. "ताई, दशांतला एक धागा काढू?"

आई जरा कचरते, मग मान हलवते.

आधी ते स्वतःच्याच कांडीवरचा धागा चिमट्यात धरतात आणि काडी ओढतात. धागा ज्योतीपासून मागे आक्रसतो, तडतडतो, सावकाश जळतो. काडी दूर नेली की विझतो. केस जळाल्याचा वास माझ्यापर्यंत येतो. येणारच, केसांसारखंच रेशीमही प्रथिनांचं. किड्याने काढलेला हा तंतू चांगल्या कोशातून सलग किलोमीटरभराच्या आसपास निघतो. लेक राखेला बोट लावते. काळी पूड होते.

आता मोरपंखी साडीचा धागा. तो पेटता पेटता वितळतो. काळा धूर, गोडसर उग्र वास, आणि बशीत एक टणक मणी. निवल्यावर लेक तो नखाने दाबते. फुटत नाही. पॉलिएस्टर! खनिज तेलातून मिळणाऱ्या रसायनांपासून बनलेला हा पदार्थ वितळवून बारीक छिद्रांतून ओढतात, की तंतू तयार. आच लागली की तो पुन्हा वितळणारच.

आईचा चेहरा उतरतो. लेक मात्र पर्समधला रुमाल पुढे करते. "काका, हा व्हिस्कोसचा आहे. याचाही बघू या ना."

हा धागा भरकन जळतो. कागदाचा वास, करडी भुरभुरीत राख. सुती धागाही असाच जळतो, कारण दोन्हींत सेल्युलोजच. कापसाचा तंतू बोंडात वाढतो, व्हिस्कोसचा कारखान्यात लाकडाच्या लगद्यातून घडवतात. म्हणजे धागा कशाचा, एवढंच काडी सांगते. तो शेतातला की यंत्रातला, ते दरवेळी सांगत नाही.

पॉलिएस्टरला मी वाईट म्हणणार नाही. ते स्वस्त, टिकाऊ, आणि ओलावा अर्धा टक्काही धरत नाही म्हणून झटकन वाळतं. रेशीम वजनाच्या 11 टक्क्यांच्या आसपास ओलावा धरतं, सूत 8 टक्क्यांच्या; म्हणून ती अंगाला बरी वाटतात. पण नवरी होमापुढे बसते. ठिणगी पडली तर रेशीम जळून विझू पाहतं, वितळलेलं पॉलिएस्टर कातडीला चिकटतं. ते रेशीम म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे.

"ताई, ही साडी घरी नेसायला वापरा," विणकर म्हणतात, "होमाजवळ नको."

रेशमाच्या खरेपणासाठी 2004 पासून सिल्क मार्कची खूणचिठ्ठी मिळते. लग्नाची साडी घेताना ती मागा. नसेल तर दशांतला एक धागा मागा, आणि दुकानदारासमोरच जाळून बघा.