कण्यांतील सुई आणि न गोठणारें रक्त

पाठीच्या कण्यांत सुई घातल्यावर क्वचित् मज्जारज्जूभोंवतालचा द्रव झिरपत राहतो. उठून बसतांच मस्तक ठणकतें, निजतांच उतार पडतो. विश्रांतीनें भागलें नाहीं तर रोग्याचेंच सुमारें २० मिलिलिटर रक्त मज्जावरणाबाहेर टोंचतात. तें गोठून छिद्र बुजतें. परंतु हिमोफिलियांत रक्तच नीट गोठत नाहीं. शिवाय सुईनें रक्तस्राव होऊन मज्जारज्जूवर दाब पडल्यास पाय लुळे पडण्याचें भय! यास्तव रक्त गोठविणारा उणा घटक, बहुधा आठवा किंवा नववा, आधीं शिरेंतून देऊन त्याचें प्रमाण तपासतात, मगच सुई. पुढेंही कांहीं दिवस तो द्यावा लागतो. डोंबिवलीकरांस अशी रक्तपरीक्षा परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारांतील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेंत करवितां येते. मुलींच्या सोयरिकीस बाध येईल म्हणून घरचा हा विकार झांकणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं निदान सुईपूर्वीं तरी तो डॉक्टरांस सांगितलाच पाहिजे.