जिवाणूच्या पोटातून इंजेक्शनच्या बाटलीत

मघाशी एका श्रोत्यांनी विचारलं, "जिवाणूच इन्सुलिन बनवतो, तर ते गाळून बाटलीत भरायला एवढा खटाटोप कशाला?" प्रश्न रास्त आहे. उरलेला वेळ त्यावरच घालवू.

१९८२ साली अमेरिकेत ई. कोलाय या जिवाणूकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला मान्यता मिळाली. आता गंमत बघा. हा जिवाणू परक्या प्रथिनाचे, नीट घडी न पडलेले, गोळे करून पोटात साठवतो. पेशी फोडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्या की ते जड गोळे तळाशी बसतात, बराचसा कचरा वर राहतो. इथवर सोपं. मग युरियासारख्या द्रव्यात ते विरघळवून रेणू पूर्ण उलगडायचा आणि पुन्हा घडी घालायची. इन्सुलिनमध्ये सिस्टीन ही अमिनो आम्लं सहा. त्यांच्या तीन जोड्या जुळायला हव्यात. सहा जणांच्या तीन जोड्या १५ तऱ्हांनी लागतात (हिशेब घरी करून बघा), आणि बरोबर त्यातली एकच.

पुढे ट्रिप्सिनने मधला तुकडा कापायचा. आणि मग ते ट्रिप्सिनही काढून टाकायचं, कारण आता तीच भेसळ!

मग येतात कॉलम. आयन-एक्स्चेंज विद्युतभारावरून निवडतो, जेल फिल्ट्रेशन आकारावरून, रिव्हर्स्ड फेज पाणी टाळण्याच्या वृत्तीवरून. सगळ्यात चिवट भेसळ म्हणजे इन्सुलिनचीच भावंडं: एका अमाइडच्या जागी आम्ल झालेला रेणू. सुमारे ५,८०८ डाल्टनमध्ये फरक फक्त एका डाल्टनचा. आकाराच्या चाळणीला तो कळणारच नाही. रिव्हर्स्ड फेजला कळतो.

मग आणखी दोन कॉलम लावा की, असं कुणी म्हणेल. पण दर पायरीला दहा टक्के माल गेला, तर सहा पायऱ्यांनंतर ५३ टक्केच हातात उरतो. माझ्या मते खरं कसब पायऱ्या वाढवण्यात नाही, वगळण्यात आहे.

एंडोटॉक्सिनची पायरी मात्र वगळता येत नाही. हा जिवाणूच्या बाह्य आवरणाचा अंश. जिवाणू मेला तरी तो उरतो, जंतू अडवणाऱ्या गाळणीतून पार होतो, साध्या उकळण्याला दाद देत नाही. शरीरात गेला की ताप. जास्त गेला तर रक्तदाब कोसळतो. आणि मधुमेही माणूस हे औषध रोज, वर्षानुवर्षं टोचून घेतो. त्याच्या तपासणीसाठी हॉर्सशू क्रॅब या सागरी प्राण्याच्या निळ्या रक्तातल्या पेशींचा अर्क वापरला जातो. आता त्या अर्कातलं मुख्य प्रथिनही जनुक-तंत्राने बनवतात. अर्थात, त्याचंही शुद्धीकरण आलंच.