कमी इंधनात उभे राहणारे घर
लॉरी बेकर यांच्या गृहरचनेचा परिचय

घर दोन वेळा ऊर्जा खर्च करते : एकदा ते बांधले जात असताना आणि नंतर त्यात माणसे राहू लागल्यावर. विजेचे बिल ठरावीक मुदतीने हाती पडत असल्याने दुसरा खर्च सर्वांच्या ध्यानात येतो. पहिला खर्च मात्र सिमेंटच्या भट्टीत, पोलादाच्या कारखान्यात, वीटभट्टीवर आणि मालाच्या वाहतुकीत आधीच होऊन गेलेला असतो. त्यामुळे घरमालकाच्या हिशेबात तो सहसा येत नाही. सिमेंट तयार करताना चुनखडी व माती यांचे मिश्रण सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजावे लागते. एवढी एकच गोष्ट लक्षात घेतली तरी प्रत्येक पोत्यामागे किती इंधन जळत असेल याची कल्पना येते.

या दोन्ही खर्चांचा एकत्रित विचार करून घर कसे बांधावे, याचा वस्तुपाठ लॉरी बेकर या वास्तुविशारदाने केरळात घालून दिला. घरकुले, शाळाखोल्या व अंगणवाड्या यांच्या बांधकामाशी ज्यांचा संबंध येतो अशा सर्वांनी तो समजून घेण्यासारखा आहे.

मुंबईतील भेट आणि पुढील कार्य

बेकर यांचा जन्म २ मार्च १९१७ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे झाला. वास्तुशास्त्राचे शिक्षण पूर्ण केल्यावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्ये गेले. परतीच्या प्रवासात जहाजाची वाट पाहत मुंबईत थांबावे लागले असता त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून बांधलेले असावे, हा गांधीजींचा विचार बेकर पुढे आयुष्यभर सांगत राहिले. १९४५ साली कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या संस्थेच्या इमारतींच्या कामासाठी ते भारतात परतले आणि येथीलच झाले.

पत्नी डॉ. एलिझाबेथ यांच्यासमवेत त्यांनी पिथोरागढच्या डोंगराळ भागात अनेक वर्षे काढली. स्थानिक लोक दगड, माती व लाकूड यांचा वापर किती विचारपूर्वक करतात, हे त्यांना तेथे जवळून पाहावयास मिळाले. १९६३ मध्ये ते केरळात आले व पुढे तिरुवनंतपुरम येथे स्थायिक झाले. त्यांच्या कार्यपद्धतीचा प्रसार व्हावा या हेतूने १९८५ साली कॉस्टफोर्ड ही संस्था स्थापन झाली. केरळचे माजी मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन व अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांचा तिच्या स्थापनेत सहभाग होता. १९९० मध्ये भारत सरकारने बेकर यांना पद्मश्री देऊन गौरविले. १ एप्रिल २००७ रोजी त्यांचे निधन झाले.

बेकर यांनी मोठे कार्यालय कधी थाटले नाही. जागेचा उतार, उभी झाडे, वाऱ्याची दिशा आणि घरात राहणाऱ्या कुटुंबाच्या सवयी पाहून ते आराखडा करीत. हाताशी असलेल्या कागदावर रेखाटन करून ते गवंड्यांशी जागेवरच चर्चा करीत आणि काम चालू असतानाही आवश्यक ते फेरफार करीत.

पोकळ भिंत

बेकर यांनी मोठ्या प्रमाणावर वापरलेली पहिली युक्ती म्हणजे ‘रॅट ट्रॅप बाँड’ या नावाने ओळखली जाणारी वीटरचना. नेहमीच्या भिंतीत विटा आडव्या, म्हणजे पसरट बाजूवर ठेवतात. या रचनेत त्या कडेवर उभ्या ठेवल्या जातात. भिंतीच्या आतील व बाहेरील बाजूस प्रत्येकी तीन इंच जाडीची वीट येते आणि मध्ये सुमारे तीन इंचांची पोकळी राहते. ठरावीक अंतरावर एक आडवी वीट दोन्ही बाजूंना बांधून घेते. भिंतीची जाडी नऊ इंचच भरते. मात्र विटांची सुमारे २५ टक्के बचत होते व मसालाही कमी लागतो.

बचतीइतकाच महत्त्वाचा लाभ या पोकळीतील हवेपासून मिळतो. कोंडलेली हवा उष्णता सावकाश वाहून नेते. त्यामुळे बाहेरील भाग उन्हाने तापला तरी आतील भाग उशिरा व कमी तापतो. एकाच रचनेतून बांधतानाचे इंधन वाचते आणि राहतानाची वीजही वाचते.

छपरातील कौले

स्लॅबमध्ये वरच्या भागावर दाब पडतो व खालच्या भागावर ताण. काँक्रीट दाब उत्तम सहन करते. ताण मात्र सळईला पेलावा लागतो. खालच्या भागातील काँक्रीट मुख्यतः सळया जागेवर धरून ठेवण्याचे व त्यांना गंजापासून जपण्याचे काम करते. म्हणून सळयांच्या जाळीमधील चौकोनांत काँक्रीटऐवजी एकावर एक अशी दोन मंगळुरी कौले ठेवावीत व सळयांभोवती आणि वरच्या थरात तेवढे काँक्रीट घालावे, ही ‘फिलर स्लॅब’ची कल्पना होय. यात काँक्रीटची सुमारे २० ते ३० टक्के बचत होते. छपराचे वजन कमी झाल्याने लोखंडही कमी लागते आणि कौलांमध्ये अडकलेली हवा उन्हाची धग अडविते. हे काम अनुभवी अभियंत्याच्या आराखड्यानुसारच झाले पाहिजे, हे येथे आवर्जून सांगणे आवश्यक आहे.

घराचे अंतरंग

घर सजविणे म्हणजे बांधून झाल्यावर त्यावर काहीतरी चढविणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बेकर यांच्या रचनेत बांधकाम हीच सजावट असते. चांगल्या विटांची भिंत ओळंब्यात उभारून दर्जा नीट भरल्या, तर गिलाव्याची गरज उरत नाही. दारा-खिडक्यांवर काँक्रीटच्या लिंटेलऐवजी विटांची कमान घातली की लोखंड वाचते. भिंतीत कोनाडे ठेवल्यास कपाटाचा खर्च टळतो. खिडकीखाली बांधलेला कट्टा बैठकीचे काम देतो. तिरुवनंतपुरम येथील बसस्थानकाजवळच्या गोलाकार इंडियन कॉफी हाऊसमध्ये चढत्या मार्गालगतची टेबले व बाकेही अशीच बांधून काढलेली आहेत.

खिडकीला चौकट, झडपा, काच व गज लागत असल्याने ती तेवढ्याच भिंतीपेक्षा कितीतरी महाग पडते. म्हणून जेथे केवळ वारा व उजेड हवा असेल तेथे बेकर यांनी विटांमध्ये फटी ठेवून जाळी बांधली. तिच्यामुळे उन्हाची तिरीप अडते, वारा खेळता राहतो, घराचा आडोसा टिकतो आणि सुरक्षितताही साधते. सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज ही संस्था तिरुवनंतपुरम येथे आहे. तिच्या आवारात या जाळ्यांचा विपुल वापर पाहावयास मिळतो. तेथील इमारती जमिनीच्या चढ-उतारानुसार व झाडे राखून बांधलेल्या आहेत.

महाराष्ट्रात विचार करताना

बेकर यांच्या इमारतींची जशीच्या तशी नक्कल करणे हे त्यांच्याच विचाराशी विसंगत ठरेल. केरळची हवा दमट आहे. तेथे वारा सतत खेळता ठेवणे हाच गारव्याचा मार्ग होय. कोकणात ही गोष्ट बऱ्याच अंशी लागू पडते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र दिवसभर उघड्या राहणाऱ्या जाळीतून झळा आत येतील. तेथे जाड भिंती, पडवीची सावली, दिवसा बंद व रात्री उघडता येतील अशी झरोक्यांची योजना अधिक उपयुक्त ठरते. साहित्याचेही तसेच आहे. कोकणात जांभा दगड व दख्खनच्या पठारावर काळा दगड जवळ उपलब्ध असताना दुरून भाजलेली वीट आणण्यात ऊर्जेची बचत होईलच असे नाही.

दुसरी बाब सुरक्षिततेची आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती व त्यांवरील मातीची जड धाबी कोसळल्यामुळे ही हानी वाढली. साहित्य स्थानिक असले म्हणजे घर सुरक्षित होते असे नाही, हा त्या आपत्तीचा धडा आहे. दगडी भिंतीचे दोन्ही पदर सांधणारे आरपार दगड आणि जोते, लिंटेल व छप्पर या पातळ्यांवर सलग पट्टे यांची काटकसर करता कामा नये. पोकळ वीटरचनेत कोपऱ्यांवरील पोकळीतून उभ्या सळया घेऊन तेथे काँक्रीट भरता येते, ही तिची जमेची बाजू आहे. काळ्या मातीच्या जमिनीत पायाची वेगळी काळजी घ्यावी लागते.

पक्के घर कशाला म्हणावे?

या पद्धतीच्या प्रसारातील मोठा अडथळा तांत्रिक नाही. सिमेंटचा गिलावा व सपाट स्लॅब म्हणजेच पक्के घर, ही धारणा सर्वत्र रुजली आहे. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ मध्ये सुरू झाली व तिच्यात घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरविण्यात आले. एवढ्या लहान घरात प्रत्येक रुपयाचा उपयोग महत्त्वाचा असतो. गिलाव्यावर पैसा संपून घर वैशाखात तापत राहिले, तर पंख्याचा खर्च त्या कुटुंबाला पुढे कायमचा सोसावा लागतो.

लोकांची ही धारणा उपदेशाने बदलणार नाही. प्रत्यक्ष उभी इमारत पाहूनच बदलेल. ग्रामपंचायतीने एखादी अंगणवाडी किंवा वाचनालयाची खोली तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली या पद्धतीने बांधून घेतल्यास गावातील गवंड्यांना काम करताकरता शिक्षण मिळेल. शिक्षकांना विद्यार्थ्यांकडून दोन खोल्यांतील दुपारच्या तापमानाची नोंद करवून घेता येईल. अंदाजपत्रक मंजूर करताना साहित्य किती दुरून येणार आहे, खोलीत ऊन कोठून येणार आहे व वारा कोठून वाहणार आहे, हे तीन प्रश्न विचारले गेले तरी पुष्कळ साध्य होईल. भिंती एकदा उभ्या राहिल्या की त्यांत मोठा बदल करणे कठीण असते. म्हणून हा विचार पाया खोदण्यापूर्वीच व्हावयास हवा.