मेणबत्तीत विहीर का पडली?

अकरावीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने दिवाळीपूर्वी भरणाऱ्या आनंदमेळ्यात विकण्यासाठी घरी सुगंधी मेणबत्त्या करायचे ठरवले. साठवलेल्या पैशांतून तिने सोयाबीनच्या तेलापासून केलेले मेण, मोगऱ्याचे सुगंधी तेल आणि काचेचे १२ पसरट बाऊल आणले. मेण वितळवले, सुगंध मिसळला, प्रत्येक बाऊलच्या मध्यभागी वात उभी करून मेण ओतले. दिसायला बाराही मेणबत्त्या सुरेख झाल्या.

मेळ्याला तीन आठवडे असताना तिने त्यांतली एक पेटवून पाहिली. वातीभोवती एक अरुंद खड्डा पडला. ज्योत त्या विहिरीत खाली खाली गेली, बारीक झाली आणि पाऊण तासात स्वतःच वितळवलेल्या मेणात बुडून विझली. सुगंध जवळजवळ नाहीच. दुसरी पेटवली, तिचेही तेच झाले. रडवेल्या चेहऱ्याने ती माझ्याकडे आली.

"मावशी, सगळं कृतीत लिहिल्याप्रमाणे केलं. फक्त वात तेवढी घरातली, समईची घेतली. शेवटी वात ती वातच ना?"

तिच्या या प्रश्नातच उत्तर दडले होते. ते शोधताना आम्हां दोघींना जे सापडले ते वर्गातही करून पाहता येण्यासारखे आहे, म्हणून येथे मांडत आहे.

समई आणि मेणबत्ती

मेण जळत नाही, तेलही जळत नाही. जळते ती त्यांची वाफ. हे पटवायचे असेल तर एक सोपा प्रयोग करा. चांगली जळणारी मेणबत्ती हलकेच फुंकून विझवा. वातीतून पांढरा धूर वर जाताना दिसेल. लगेच पेटती काडी वातीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर, त्या धुरात धरा. ज्योत धुरातून खाली उडी घेते आणि वात पुन्हा पेटते. तो धूर म्हणजे मेणाच्या वाफेचे थंड होऊन बनलेले सूक्ष्म कण. मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर दिलेल्या व्याख्यानांत हा प्रयोग दाखवला होता. ती व्याख्याने १८६१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

इंधन ज्योतीपर्यंत पोचवण्याचे काम वातीचे. सुताच्या धाग्यांमधील बारीक पोकळ्यांतून द्रव वर चढतो. हे केशाकर्षण. समईतही हेच घडते. मग फरक कोठे आहे?

समईत इंधन आधीच द्रव असते. वातीने ते ओढून घ्यायचे एवढेच. मेणबत्तीत मात्र ज्योतीला आपले इंधन स्वतः वितळवून घ्यावे लागते. ज्योत लहान असेल तर मेण कमी वितळते. ज्योत किती मोठी, हे वात किती मेण वर ओढते त्यावर ठरते. म्हणजे वात, ज्योत आणि मेण यांचा हा परस्परांवर अवलंबून असलेला व्यवहार आहे. शिवाय समईची वात काठाला टेकून राहते. मेणबत्तीच्या वातीला वितळलेल्या मेणाच्या मध्यभागी, आधाराशिवाय ताठ उभे राहायचे असते. सैल वळलेली वात मेण वितळताच मऊ पडते आणि आडवी होते.

मेणबत्तीसाठी तीनपदरी वेणीसारखी विणलेली वात लागते. फ्रान्समधील कांबासेरेस यांनी अशी वात १८२५ मध्ये आणली. त्याआधी जळलेल्या वातीचे टोक वरचेवर कात्रीने कापावे लागे. विणलेली वात जळताना एका बाजूला वळते. तिचे टोक ज्योतीच्या कडेशी, जेथे हवेतला ऑक्सिजन भरपूर मिळतो तेथे येते आणि जळून जाते. आज बाजारात मिळणाऱ्या वातींच्या तळाला धातूची छोटी चकती असते. ती भांड्याच्या तळाला चिकटवली की वात सरळ उभी राहते.

तेलाचे मेण कसे होते?

सोयाबीन विदर्भ-मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांच्या शेतावरचेच पीक. त्याचे तेल पातळ असते. मग त्याचे घट्ट मेण कसे होते? तेलाच्या रेणूंत मेदाम्लांच्या लांब साखळ्या असतात. सोयाबीनच्या तेलात त्यांपैकी सुमारे ८५ टक्के असंपृक्त असतात, म्हणजे साखळीत कार्बन-कार्बन द्विबंध असतात. जेथे द्विबंध तेथे साखळीला बाक येतो. खराट्याच्या सरळ काड्यांची मोळी घट्ट बांधता येते, वाकड्यातिकड्या काड्यांची सैल राहते. रेणूंचेही तसेच आहे.

१८ कार्बनच्याच तीन मेदाम्लांचे द्रवणांक पाहा. दोन द्विबंध असलेल्या लिनोलेइक आम्लाचा सुमारे उणे ५ अंश सेल्सियस, एक द्विबंध असलेल्या ओलेइक आम्लाचा सुमारे १३ अंश आणि एकही द्विबंध नसलेल्या स्टिअरिक आम्लाचा सुमारे ६९ अंश. निकेल उत्प्रेरकाच्या सान्निध्यात तेलात हायड्रोजन सोडला की द्विबंध भरून निघतात आणि तेल घट्ट होते. वनस्पती तूपही याच रीतीने बनत आले. भांड्यात ओतायच्या सोया मेणाचा द्रवणांक साधारण ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान ठेवलेला असतो. सुटी उभी राहणारी मेणबत्ती करायला हे मेण फार मऊ पडते, म्हणून ते काचेत किंवा धातूच्या डबीत ओततात.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. सोया मेणबत्तीची काजळी धरतच नाही, असे जाहिरातींत म्हटलेले असते. मेणबत्तीची पिवळी ज्योत दिसते तीच मुळी तापलेल्या कार्बनच्या कणांमुळे. ते कण पुरते न जळता ज्योतीबाहेर निसटले की त्यांना आपण काजळी म्हणतो. वात गरजेपेक्षा जाड किंवा लांब असेल, वारा लागत असेल, तर मेण कोणतेही असो, काजळी धरणारच.

विहिरीचे गणित

आता भाचीच्या बाऊलकडे वळू. त्याचा व्यास ९ सेंटिमीटर होता. ६ सेंटिमीटर व्यासाच्या भांड्याशी तुलना करा. व्यास दीडपट, पण पृष्ठभागाचे क्षेत्रफळ सव्वादोनपट! एवढे मेण वितळवायला एक बारीक ज्योत पुरी पडत नव्हती. वातीजवळचे मेण वितळून जळून गेले, कडेचे तसेच घट्ट राहिले आणि मधे विहीर पडली. विहिरीत हवा नीट पोचेना, ज्योत आणखी लहान झाली, वातही मऊ पडून वाकली आणि बुडाली.

उलट, वात फार जाड झाली तर ज्योत उंच होऊन फडफडते, वातीच्या टोकाशी कोळशाचा छत्रीसारखा गोळा जमतो, काच अतिशय तापते आणि तडकूही शकते. योग्य वात असलेल्या मेणबत्तीत दोन-तीन तासांत मेण कडेपर्यंत वितळते आणि वितळलेल्या थराची खोली सेंटिमीटरभर राहते. पहिल्या वेळी हे कडेपर्यंत वितळणे महत्त्वाचे. मेण अर्ध्यावर वितळले असताना मेणबत्ती विझवली, तर पुढच्या वेळी ज्योत त्याच खळग्यात अडकण्याची शक्यता असते.

सुगंधाचे प्रमाण

वास भरपूर यावा म्हणून भाचीने सुगंधी तेल अंदाजाने ओतले होते. हिशेब केला तेव्हा ते मेणाच्या १५ टक्के निघाले. मेणात सुगंधी तेल विरघळते, पण एका मर्यादेपर्यंतच. जास्तीचे तेल घामासारखे पृष्ठभागावर सुटते, वातीत शिरते आणि ज्योत बिघडवते. म्हणून जास्त सुगंध घालूनही वास कमी आला! खोलीत दरवळतो तो मुख्यतः वितळलेल्या मेणाच्या पृष्ठभागावरून उडणारा सुगंध. ज्योतीत शिरलेला तर जळूनच जातो. पसरट तळे नाही, तर दरवळही नाही. प्रथम करणाऱ्याने मेणाच्या वजनाच्या ६ टक्के सुगंध घ्यावा. तोही मेणबत्तीसाठी बनवलेला, तेलात विरघळणारा हवा. गुलाबपाणी चालत नाही. ते पाणी मेणात न मिसळता तळाशी बसते आणि जळताना तडतडते.

करून पाहा

सरळ कडांचे, जाड व उष्णता सोसणाऱ्या काचेचे, ६ ते ७ सेंटिमीटर व्यासाचे भांडे घ्या. पातळ पेला, प्लॅस्टिक किंवा करवंटी नको. मेण किती लागेल हे काढण्यासाठी भांड्यात हव्या त्या उंचीपर्यंत पाणी भरून मोजा. १५० मिलिलिटर भरले तर मेणाची घनता सुमारे ०.९ धरून १३५ ग्रॅमच्या आसपास मिश्रण लागेल, म्हणजे साधारण १३० ग्रॅम मेण आणि ८ ग्रॅम सुगंध. भांडे पूर्ण कोरडे करून वात मध्यभागी चिकटवा.

मेणाचे भांडे थेट आचेवर न ठेवता पाण्याच्या पातेल्यात ठेवून तापवा. उकळते पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे मेणही फार तापत नाही. तापमापीवर ७५ अंश दिसले की आच बंद करा, सुगंध घाला आणि दोन मिनिटे सावकाश ढवळा. मेण विकणाऱ्याने वेगळे तापमान सांगितले असेल तर ते पाळा. सुमारे ५५ ते ६० अंशांवर मेण किंचित कोमट केलेल्या काचेत ओता. वात दोन काड्यांच्या मधे धरून सरळ ठेवा. पंखा लावू नका. थंड झाल्यावर वात ५ मिलिमीटर ठेवून कापा.

थंड झालेल्या मेणावर काही दिवसांनी पांढुरकी नक्षी दिसली तर घाबरू नका. साजूक तूप सावकाश थंड झाले की रवाळ होते, तसेच हे मेणाचे स्फटिक. त्याने जळण्यात फरक पडत नाही. स्फटिकांची ही जुळवाजुळव ओतल्यानंतरही चालू राहते. म्हणून अनुभवी लोक सोया मेणबत्ती एक-दोन आठवडे झाकून ठेवतात आणि मगच वापरतात.

काही नियम मोडायचे नाहीत. तापत असलेले मेण सोडून जाऊ नये. मेणाने पेट घेतलाच तर पाणी मुळीच ओतू नये. पाण्याची क्षणात वाफ होऊन ती जळते मेण चहूकडे उडवते. आच बंद करून वर झाकण ठेवावे. जळती मेणबत्ती फरशीच्या तुकड्यावर, पडद्यापासून दूर ठेवावी, आणि तळाशी सेंटिमीटरभर मेण उरले की ती विझवावी. वर्गात हे सारे शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावे.

एका वेळी एकच बदल

पसरट बाऊल गरम पाण्यात ठेवून आम्ही मेण सोडवून घेतले. बाजूला राखलेल्या नव्या मेणातून ६.५ सेंटिमीटर व्यासाच्या तीन सारख्या बरण्या भरल्या. मेण तेच, सुगंध तेवढाच, वाती मात्र तीन: बारीक, मध्यम आणि जाड. भाचीला सगळेच एकदम बदलायचे होते. मी विचारले, "मग सुधारणा झाली तर ती कशामुळे, हे कसं कळणार?"

तीन दिवसांनी तिन्ही बरण्या तीन तास जाळल्या. दर तासाला तळ्याचा व्यास मोजून वहीत लिहिला. बारीक वातीचे तळे ४.५ सेंटिमीटरवर थांबले. जाड वातीचे तासाभरात कडेला पोचले, पण ज्योत नाचू लागली आणि काचेचा काठ काळा झाला. मध्यम वातीचे अडीच तासांत शांतपणे कडेला टेकले. तिचे वजन १३ ग्रॅमने घटले होते. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमपासून सुमारे ३८ किलोज्यूल उष्णता मिळते. यावरून ज्योतीची शक्ती काढायला मी भाचीला सांगितले. उत्तर आले सुमारे ४५ वॅट. "एवढीशी ज्योत, आणि जुन्या चाळीसच्या दिव्यापेक्षा जास्त!" ती म्हणाली. बंद खोलीत मेणबत्ती एकटी का सोडू नये, हे तिला वेगळे सांगावे लागले नाही.

जुन्या मेणात सुगंध आधीच जास्त होता. त्यात नवे बिनवासाचे मेण हिशेबाने मिसळून प्रमाण ६ टक्क्यांवर आणले. १५ टक्के सुगंधाच्या १०० ग्रॅम मेणात किती नवे मेण घालावे लागेल, हे उदाहरण नववीच्या वर्गात अवश्य घाला. दहा दिवस मुरल्यावर बरण्या मेळ्यात गेल्या, प्रत्येकीबरोबर एक चिठ्ठी: वात ५ मिलिमीटर ठेवा, पहिल्यांदा मेण कडेपर्यंत वितळू द्या. टेबलाच्या कोपऱ्यात तिने विहीर पडलेली ती पहिली मेणबत्तीही ठेवली होती. लोक ती पाहून थांबत आणि काय झाले ते विचारत.

विद्यार्थ्यांसाठी शेवटी एक प्रश्न. पुण्यात डिसेंबरच्या रात्री कडेपर्यंत नीट वितळणारी मेणबत्ती नागपूरला मे महिन्यातल्या दुपारी तशीच जळेल का? आधी वहीत अंदाज लिहा, कारण द्या, आणि मग करून पाहा.