मोठ्या तोंडाचा शार्क

शार्क म्हटले की आम्हाला दातच आठवतात. पण मेगामाउथ या शार्कचे तोंड भले मोठे आणि दात अगदी बारीक! १५ नोव्हेंबर १९७६ रोजी हवाई बेटांजवळ एका अमेरिकन जहाजाच्या पॅराशूटसारख्या नांगरात तो अडकून वर आला. वजन ७५० किलो. एवढे धूड, तरी शास्त्रज्ञांनाही तोवर ठाऊक नव्हते! शास्त्रीय नाव मिळाले १९८३ साली.

तो खातो काय? तर कोळंबीसारखे इवले जीव. तोंडात पाणी घ्यायचे नि कल्ल्यांतून गाळून सोडायचे, आई चहा गाळते ना, तसे. १९९० साली कॅलिफोर्नियाजवळ एकाला यंत्र बांधून पाहिले. दिवसा तो शंभर मीटरहून खोल, म्हणजे आमच्यासारख्या सात-आठ विहिरी; रात्री खाणे वर येते, तसा तोही वर. तैवानकडे मात्र मासेमारीच्या जाळ्यांत सापडून कितीतरी मेले.